वाजवून घेतलेली टोपी

नोकरीतले दरोडे, खून, मारामाऱ्या आता माझ्या डोक्यात एकमेकांत मिसळून गेल्या आहेत. कोणता आरोपी कोणत्या ठाण्याच्या हद्दीतला, हे सांगायला मला कधी कधी जुन्या वह्या काढाव्या लागतात. एका प्रकरणाला मात्र वही लागत नाही. त्यात ना सुरा होता ना बंदूक. डोक्यावर घालायची एक टोपी होती.

पन्नास सालानंतरची ती वर्षे. पुणे-मुंबई रस्त्यावरच्या एका ठाण्यात मी फौजदार होतो. शिपाई म्हणून भरती झालो आणि परीक्षा देत देत वर चढलो. माझ्या मागे कोणी मामा-काका नव्हता, हे इथे एकदाच सांगून टाकतो. पिंपरी-चिंचवडकडे तेव्हा ज्वारीची शेते होती आणि त्या शेतांमध्येच एखाद-दुसऱ्या कारखान्याची भिंत उभी राहत होती. आमच्या हद्दीचा पसारा मोठा, माणसे थोडी, आणि चाकणच्या चौकीला टेलिफोन नाही. म्हणून वरून आम्हाला एक मोटारसायकल मिळाली. लढाईच्या काळातली, लष्कराने काढून टाकलेली. सकाळच्या हजेरीनंतर एका शिपायाने तिच्यावर बसून चाकणला डाक न्यायची आणि दुपारी उत्तरे घेऊन परतायचे, असा शिरस्ता पडला.

गाडी आली, पण तिच्याबरोबर टोपी आली नाही. मी पत्र लिहिले. उत्तर आले, तरतूद नाही. मी दुसरे पत्र लिहिले. त्याला उत्तरही आले नाही.

डाकेचा शिपाई मावळातला गडी होता. वय पंचविशीचे, लग्न होऊन वर्ष झालेले. चिखलीच्या कच्च्या रस्त्याने, बैलगाड्यांच्या चाकोऱ्या चुकवत, तो इतकी हळू गाडी चालवी की आमचे जमादार त्याला म्हणत, "अरे, त्या गाडीला दावं लावून ओढत नेलीस तरी लवकर पोचशील."

तो म्हणे, "जमादार, डोकं एकच हाय. दुसरं सरकार देनार न्हाई."

हे ऐकून मीच एक दिवस त्याला घेऊन देहूरोडच्या बाजारात गेलो. छावणीच्या गावात लष्कराने लिलावात काढलेला माल विकणारी दुकाने असतात. खाकी कोट, बूट, पाण्याच्या बाटल्या, धूळ अडवणारे चष्मे, कातडी हातमोजे. त्यातल्या एका दुकानात टोप्यांचा ढीग होता. लष्कराचे मोटारसायकलवरचे हरकारे घालत, तसल्या. वर पोलाद, आत कातड्याची पट्टी, कानांवर कातडी झडपा आणि हनुवटीखाली पट्टा. आमच्याकडे तेव्हा कोणी त्यांना हेल्मेट म्हणत नसे. मिलिटरी टोपी म्हणत.

आता ही टोपी निवडायची कशी? आमच्या लोकांना एकच परीक्षा ठाऊक होती. मडके घेताना कुंभाराच्या दारात बोटाच्या पेराने वाजवतात, तशी टोपी वाजवायची. टण् आवाज आला की अस्सल. दुकानासमोर उभी असलेली चार माणसे तेच करत होती. मीही तेच केले. एक टोपी खणखणीत वाजली, ती मी बाजूला काढली आणि भाव करायला बसलो.

भाव करण्यात मी कोणाला हार जात नाही. दुकानदार गोड बोलणारा, पन्नाशीचा माणूस होता. म्हणाला, "साहेब, पोलीस खात्याला मी नफा लावीन का?"

"लावशील. म्हणूनच तर बोलतोय."

तीन वेळा मी पायरी उतरलो, तीन वेळा त्याने हाक मारली. शेवटी त्याने सांगितलेल्या भावाच्या निम्म्याहून खाली मी त्याला आणला, आणि वर हातमोजे फुकट घालायला लावले. त्याने मान हलवली, "घ्या. तुमच्यापुढे कोण टिकणार?" आणि माझ्या हातातली टोपी घेऊन, पुसून देतो म्हणून आत गेला. बाहेर आला तेव्हा ती कागदात गुंडाळलेली होती.

मी ती पुन्हा वाजवून पाहिली. टण् वाजली. मी खूश झालो.

शिपाई तर त्याहून खूश. टोपी घालून ठाण्याच्या आवारात त्याने दोन फेऱ्या मारल्या आणि म्हणाला, "साहेब, आता आमी रणगाड्यात बसलो."

यानंतर दहा-बारा दिवसांनी देहूरोडजवळ एक अपघात झाला. एका कारखान्यातला फिटर, कोकणातला माणूस, जुन्या मोटारसायकलवरून सकाळच्या पाळीला चालला होता. रस्त्याच्या कडेला टाकलेल्या खडीवर चाक घसरले आणि तो पडला. पाहणाऱ्यांनी सांगितले, फार जोरात नव्हता. पण जागीच गेला. पंचनामा झाला, अकस्मात मृत्यूची नोंद झाली, प्रेत नातेवाइकांच्या ताब्यात दिले. पंचनाम्यात 'डोक्यावरील टोपी फुटलेली' एवढे तीन शब्द मीच लिहिले होते. लिहिताना माझा हात थांबला नाही, याची मला अजून लाज वाटते.

चौथ्या दिवशी सकाळी नवाच्या सुमारास आमच्या ओळखीचा एक मिस्त्री ठाण्यात आला. चिंचवड स्टेशनजवळ त्याचे गॅरेज होते. मूळचा सोलापूरकडचा मुसलमान, कमी बोलणारा, पोलिसांच्या दारात कामाशिवाय पाऊल न टाकणारा. त्याच्या हातात झाकलेली बादली होती.

"साहेब, त्या फिटरची गाडी दुरुस्तीला माझ्याकडे आलीय," तो म्हणाला. "त्याच्या बायकोला ती विकायचीय. टोपीचे तुकडे पण गाडीबरोबर आले. त्यावर रक्त होतं. बाईला तसे कसे द्यायचे, म्हणून रात्री पाण्यात टाकून ठेवले."

"मग?"

"लोखंड कधी भिजून फुगतं का, साहेब?"

त्याने बादलीवरचे फडके काढले. आत राखाडी लगदा होता. ओल्या भाकरीसारखा फुगलेला, कडांनी सुटत चाललेला. त्यात खाकी रंगाचे पापुद्रे आणि तळव्याएवढा गोल पातळ पत्रा तरंगत होता. मी बोट घातले. ते आत गेले. कागद होता तो. बादलीतून एक ओळखीचा, घरगुती वास येत होता, पण मला तो त्या क्षणी उमगला नाही. कारण माझे लक्ष त्या पत्र्यावर होते. टोपीच्या माथ्यावर, नेमके जिथे माणूस पेर आपटून पाहतो तिथे, तो रंगाखाली चिकटवलेला होता. टण् वाजण्यापुरता. आणि लगदा इतका जाड होता की हाताला वजनही फारसे कमी लागले नसते.

मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले. डाकेचा शिपाई आठ वाजता चाकणला निघून गेला होता.

"टोपी कुठल्या दुकानातली?" मी विचारले. उत्तर मला माहीत होते.

मिस्त्रीने दुकान सांगितले.

आता इथे मी जे केले ते खरे खरे लिहितो. त्याच क्षणी मी चाकणच्या रस्त्याला लागायला हवे होते. पण शिपाई दोन वाजेपर्यंत चाकणला थांबतो, हे मला ठाऊक होते. आणि दुसरे असे की, केवळ शंकेवरून सरकारी डाक अडवली तर वर उत्तर द्यावे लागते. शिपायातून फौजदार झालेल्या माणसाला ते उत्तर इतरांपेक्षा मोठे द्यावे लागते. मी ठरवले, आधी खात्री करू. स्टेशन डायरीत नोंद केली, जमादारांना घेतले आणि मिस्त्रीच्या बाजूगाडी, म्हणजे साइडकार, लावलेल्या मोटारसायकलवरून आम्ही देहूरोड गाठले. वाटेत प्रत्येक खड्ड्याला मला त्या पोराचे डोके दिसत होते.

दुकानदार गादीवर बसून होता. आम्ही दोन पंच बोलावले आणि टोप्यांचा ढीग बाहेर मांडला. नऊ टोप्या होत्या. सगळ्या सारख्या दिसत होत्या, सगळ्या सारख्या वाजत होत्या.

"ह्या अस्सल ना?" मी विचारले.

"देवाशपथ, साहेब. लिलावाचा माल आहे."

"मग ह्यातली एक निवड. तुझ्या मापाची. घाल आणि इथे उभा राहा." मी जमादारांच्या हातातली लाठी घेतली.

तो हसला. "साहेब चेष्टा करतात."

जमादार म्हणाले, "शेठ, आमचे साहेब बारा वर्षांत एकदाच हसलेत. तेही बदलीचा हुकूम रद्द झाला तेव्हा. तुम्ही टोपी निवडा."

दुकानदाराचा हात ढिगाकडे गेला. मी त्याच्या तोंडाकडे पाहत नव्हतो. भाव करणाऱ्या माणसाने समोरच्याच्या हाताकडे पाहावे, ही माझी जुनी सवय आहे. त्याने एकही टोपी वाजवली नाही. पहिली उचलली, आतले कातडे पाहतो आहे असे दाखवत नाकाजवळ नेली आणि खाली ठेवली. दुसरी तशीच. तिसरीही. चौथी हुंगली आणि डोक्यावर घातली.

"थांब," मी म्हणालो आणि त्याने टाकलेली पहिली टोपी उचलून नाकाला लावली.

मेथी.

बादलीतला वास तोच होता. आमच्याकडे जुन्या टोपल्या आणि सुपे कागदाच्या लगद्याने लिंपतात. त्यात मेथ्या भिजवून वाटून घालतात, म्हणजे लगदा घट्ट धरतो आणि किडा लागत नाही. माझी आई दर उन्हाळ्यात हे करत असे. ज्या वासात मी लहानाचा मोठा झालो, तो वास मला दुकानात पहिल्या दिवशी आला नाही. कारण मी भाव करण्यात गुंतलो होतो.

पंचांसमोर मी ती टोपी दगडावर ठेवून लाठी मारली. ती वाळल्या भोपळ्यासारखी दुभंगली. मग दुकानदाराच्या डोक्यावरची काढून तिच्यावर मारली. लाठी उसळली आणि माझ्या मनगटाला झिणझिण्या आल्या. नवांतल्या सहा कागदाच्या निघाल्या, तीन पोलादाच्या.

"आमच्या शिपायाला कोणती दिलीस?"

तो टोप्यांच्या ढिगाकडे पाहू लागला.

"तू पुसायला म्हणून आत नेली होतीस. बदललीस का?"

तो खाली पाहत म्हणाला, "साहेब, तुम्ही भाव फार पाडलात. त्या भावात पोलाद कुठून येणार?"

मी त्याची गचांडी धरली. जमादारांनी मला मागे ओढले नसते तर मी काय केले असते, सांगता येत नाही. आरोपीच्या वकिलाने ही गोष्ट पुढे कोर्टात चांगली रंगवून सांगितली. पण त्या वेळी माझ्या कानात त्याचे एकच वाक्य घुमत होते. ते वाक्य मी आयुष्यात घेतलेल्या कुठल्याही जबाबापेक्षा खरे होते.

पंच मिळवून टोप्या तपासेपर्यंत एक वाजून गेला होता. दुकान आणि आरोपी जमादारांच्या ताब्यात देऊन मी आणि मिस्त्री चाकणकडे निघालो. बाजूगाडी सोडवायला वेळ गेला असता, म्हणून मिस्त्रीने ती तशीच राहू दिली. तिच्यामुळे गाडी जोर धरत नव्हती. चिखली मागे पडली, मोशी आली. दोन वाजून गेले होते.

मिस्त्री मध्येच ओरडून म्हणाला, "साहेब, तुमचा गडी हळू चालवतो ना?"

"गोगलगायीसारखा."

"तो फिटरपण हळूच चालवायचा. सहा वर्षं. टोपी घेतली आणि..." पुढचे वाऱ्यात गेले, पण मला कळले.

मला एकदम आठवले, गेल्या आठवड्यात आमचा शिपाई चाकणहून तासभर लवकर परतला होता आणि मी त्याला शाबासकी दिली होती. जमादारांनी दावे-बिवे म्हणणेही सोडले होते. ज्या गोष्टीने त्याला राखायचे, तिनेच त्याची भीती काढून घेतली होती. भीती होती तोवर तो सुरक्षित होता.

मोशीच्या पुढे इंद्रायणीच्या पुलाकडे रस्ता उतरतो. आम्ही अलीकडे थांबलो. पलीकडच्या काठावरून कांद्याच्या गाड्या चाकणच्या बाजाराकडे चालल्या होत्या आणि त्यांच्या धुळीतून समोरून एक मोटारसायकल येत होती. आवाजावरून मी ती ओळखली. वेगावरून ओळखली नसती.

मी रस्त्याच्या मध्ये जाऊन उभा राहिलो आणि दोन्ही हात वर केले. 'हळू, हळू' म्हणून ओरडलो.

तो पुलाच्या या टोकाला येऊन चढाला लागत होता. त्याने मला पाहिले. मला खात्री आहे की त्याने मला पाहिले, कारण त्याच्या चेहऱ्यावर हसू आले. आणि मग त्याने ते केले जे आमच्या खात्याने त्याला रोज सकाळी शिकवले होते. समोर साहेब दिसले, म्हणून त्याने उजवा हात दांडीवरून काढला आणि सलाम ठोकला.

पुढचे चाक चाकोरीत गेले. गाडी आडवी झाली. तो उडाला आणि पुलाच्या कठड्याच्या दगडावर डोक्याच्या डाव्या बाजूने आपटला. आवाज झाला तो टण् नव्हता. ओले फडके धोपटावे तसा होता.

आम्ही धावलो. टोपी दोन ठिकाणी फुटली होती. डाव्या कानातून रक्त येत होते. हातांना मात्र काही झाले नव्हते. मी फुकट पदरात पाडून घेतलेले हातमोजे अस्सल कातड्याचे होते. मिस्त्रीने त्याचा श्वास पाहिला, "आहे, साहेब, आहे," म्हणाला आणि आम्ही त्याला बाजूगाडीत निजवून पुण्याच्या दवाखान्यात नेले. मी मागच्या सीटवरून वाकून त्याचे डोके दोन्ही हातांत धरून होतो. जी गाडी आम्हाला उशीर करत होती, तिच्यातूनच तो जिवंत पोचला.

डॉक्टर म्हणाले, "शुद्धीवर येईल की नाही, आत्ता सांगता येणार नाही." त्याची बायको आणि वडील संध्याकाळी आले. वडिलांनी मला नमस्कार केला आणि म्हणाले, "साहेब, तुमी टोपी घेऊन दिली व्हती म्हनं. न्हाई तर गेलाच असता." खरी गोष्ट मी त्यांना दुसऱ्या दिवशी सांगितली. त्या संध्याकाळी माझ्यात तेवढे धैर्य नव्हते.

तो बेशुद्ध असताना मला तपास चालवायचा होता. आरोपी नंतर तोंड उघडेना. टोप्या कोणी केल्या आणि किती केल्या, हे कळल्याशिवाय बाहेर किती डोकी कागदाखाली फिरत आहेत हे कळणार नव्हते. पण वासाने मला वाट दाखवली होती. टोपल्या लिंपणारे हात कोणाचे, हे त्या भागातल्या बायांना विचारत विचारत मी दुसऱ्या दिवशी सकाळी चिखलीत एका म्हातारीच्या दारात पोचलो.

तिच्या छपरावर दोन टोप्या उन्हात वाळत घातल्या होत्या. शेजारी टोपल्या आणि सुपे. मी खाली उभा राहून त्या पाहत राहिलो. इतक्या गरीब, घरगुती दिसत होत्या त्या.

"आजी, ह्या कोणाच्या?"

"नाटकवाल्यांच्या," ती म्हणाली. "द्येवरोडचा शेट घिऊन जातो. नाटकातल्या शिपायांना लागत्यात म्हनला. त्येनं साचा म्हून खरी टोपी दिलीया, तिच्यावर आमी लिंपतो. रंग त्यो लावतो." मग माझ्या गणवेशाकडे पाहून, "का ओ? न्हाई करायच्या व्हय?"

मी सांगितले. जमेल तितके हळू सांगितले. म्हातारी उंबऱ्यावर बसली. हातांवर वाळलेला लगदा होता, तो नखांनी खरवडत राहिली.

"मान्सं डोस्क्यावर घालत्यात?" ती म्हणाली. "खरंच घालत्यात? आन् मी हासत व्हते, नाटकाला इतक्या कशापायी म्हून."

"किती केल्या, आजी?"

"ईस. ह्या दोन सोडून अठरा नेल्या त्येनं."

अठरा. सहा आमच्या जप्तीत होत्या. एक मेलेल्या फिटरची, एक शिपायाची. दहा डोकी बाहेर होती.

मी वरच्यांच्या हुकुमाची वाट पाहिली नाही. पिंपरी, चिंचवड, देहूरोड, चाकण, सगळीकडे दवंडी दिली: देहूरोडच्या बाजारातून मिलिटरी टोपी घेतलेल्यांनी ती पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवावी, आणि तोवर मोटारसायकलला हात लावू नये. कारखान्यांच्या फाटकांवर आम्ही बादल्या मांडल्या. पाळी बदलताना माणसे टोप्या घेऊन आली. पोलादाची टोपी तळाला जाऊन बसे आणि तिचा मालक हसत ती उचलून घेई. दुसरी बुडताना बुडबुडे सोडी आणि थोड्या वेळाने तिच्या कडा फुगू लागत. एका उंच्यापुऱ्या टर्नरची टोपी अशी फुगली. तो बादलीशेजारी मटकन खाली बसला.

त्याच्या सोबत्याने खांद्यावर थाप मारली, "भावा, टोपी गेली म्हणून रडतोस का?"

"गप रे," तो म्हणाला. "परवा खंडाळ्याचा घाट उतरून आलो राव मी. बायको मागे होती."

मग कोणी हसले नाही.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत नऊ टोप्या सापडल्या. त्याच संध्याकाळी दवाखान्यातून निरोप आला की आमच्या शिपायाने डोळे उघडले आणि पाणी मागितले. मी ठाण्याच्या मागच्या खोलीत जाऊन दार लावून घेतले आणि बराच वेळ बाहेर आलो नाही.

दहावी टोपी कधीच मिळाली नाही. पुढे माझ्या बदल्या झाल्या, पण मोटारसायकलच्या अपघाताचा पंचनामा कुठेही आला की मी आधी टोपी हातात घेऊन हुंगत असे. नवे शिपाई आपसात खुणा करत. करू देत.

दुकानदाराला शिक्षा झाली. मला हवी होती तेवढी झाली नाही. म्हातारीने साक्ष दिली आणि न डगमगता दिली. मीही साक्षीच्या पिंजऱ्यात उभा राहिलो आणि टोपी मी निवडली, मी वाजवली, मी भाव पाडला, हे सांगितले. सरकारी वकील म्हणाले होते, एवढे सांगायची गरज नाही. पण मी न सांगता शिपायाने सांगावे, हे मला चालले नसते.

त्याचे फळ मला खात्याने दिले. दवंडीबद्दल शाबासकीचे पत्र आले, ते माझ्या वरिष्ठांच्या नावाने. माझ्या नावाने आले ते स्पष्टीकरण मागणारे: परवानगीशिवाय बाजारातून खरेदी का केली, आणि चालत्या डाकेला रस्त्यात का अडवले? मी माझ्या दोन्ही पत्रांच्या नकला जोडल्या. त्यांचा उल्लेखसुद्धा चौकशीच्या निकालात नाही. सेवापुस्तकात ताकीद चढली आणि माझ्यानंतर भरती झालेले दोघे माझ्यापुढे निघून गेले. लोक म्हणतात, आता एवढी वर्षे झाली, सोडून द्या. मी सोडलेले नाही. टोपीची तरतूद नाही म्हणणाऱ्याला कोणी स्पष्टीकरण विचारत नाही, तोवर सोडणारही नाही.

पण त्यांचा एक प्रश्न मला टोचतो, कारण तो बरोबर होता. मी रस्त्यात उभा राहिलो नसतो तर तो पोरगा पडला नसता. चढावरून नीट वर आला असता, ठाण्यात पोचला असता आणि मी त्याच्या डोक्यावरून टोपी काढून घेतली असती. किंवा चिखलीच्या चाकोऱ्यांत पडला असता आणि कोणी उचलायलाही नसते. हा हिशेब मी कितीदा मांडला, तो सुटत नाही.

आता घरोघरी स्कूटर झाल्या आहेत. नातेवाइकांतली मुले मला हेल्मेट निवडायला बरोबर नेतात, कारण मला भाव करता येतो असा माझा लौकिक आहे. मी त्यांना सांगतो ते असे. घालून पट्टा आवळा आणि मान जोराने हलवा. हलले तर ते तुमचे नाही. पट्टा कुठे अडकवला आहे तिथे ओढून पाहा. आत काय भरले आहे ते बोटाने दाबून पाहा. रंग आणि आवाज यांच्यावर जाऊ नका. दुकानदाराला विचारा, तुझा मुलगा कोणते घालतो, आणि तो बोलत असताना त्याच्या हाताकडे पाहा. घेतल्यावरही काल चालवत होता तितक्याच वेगाने चालवा. भावाचे म्हणाल तर डोक्यावरच्या वस्तूचा भाव मी आता करत नाही. मुलांना आश्चर्य वाटते. त्यांना कारण सांगितलेले नाही. ते इथे वाचतील.

तो शिपाई बरा झाला. डावा कान कायमचा गेला, म्हणून त्याला बसून करायचे काम मिळाले आणि तिथूनच तो निवृत्त झाला. चौकशीत त्याला विचारले होते की चालत्या गाडीवर हात का सोडला. त्याने एवढेच सांगितले, "समोर साहेब व्हते."

दिवाळीनंतर तो दरवर्षी मला भेटायला येतो. मी त्याच्या उजव्या बाजूला खुर्ची ओढून बसतो. गेल्या वर्षी चहा घेताना मी प्रथमच त्याला म्हणालो, "तुझा एक कान माझ्यामुळे गेला."

त्याने बशी खाली ठेवली. "साहेब," तो म्हणाला, "तुमच्या वरडण्याला एक कान लई झाला. दुसऱ्याची गरज न्हाई पडली."

घरातले सगळे हसले. तोही हसला. मी त्याच्या डोक्याकडे पाहत होतो.